सरकार लपवतं हे मान्य, पण नेमकं काय लपवतं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली अडखळणं तेवढी काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. मागच्या काही भागांनंतर एक मुद्दा इतक्या जणांनी, इतक्या वेगवेगळ्या शब्दांत मांडलाय की त्याला एक अख्खा भाग द्यायलाच हवा. मुद्दा साधारण असा: "तुम्ही दर वेळी पुरावा मागता. पण सरकारं खोटं बोलतात, कागद दडवतात, हे शंभरदा सिद्ध झालंय. सिमेंट घोटाळा झाला, तेलगीचा स्टॅम्प पेपर घोटाळा झाला, तिकडे वॉटरगेट झालं. आपल्याला कळलं ते हिमनगाचं टोक. मग पाण्याखाली काय असेल?"

आता हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. मला तर उलट त्या लोकांचा जास्त राग येतो जे कुणीही काही विचारलं की "ही काय कॉन्स्पिरसी थिअरी!" म्हणून हसतात. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत पाच माणसं पकडली गेली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यानं त्याला तिसऱ्या दर्जाची घरफोडी म्हणून उडवून लावलं होतं. तेव्हा ज्यांनी शंका घेतली ते बरोबर होते. तेव्हा शंका घेणं हा रोग नाही, एवढं आधीच मान्य करून टाकू.

पण त्या प्रश्नात दोन वेगळी विधानं एकमेकांना चिकटवलेली आहेत. एक, सत्तेतली माणसं गुपचूप कट करतात. दुसरं, म्हणून मोठ्या घटनांमागे एकच मोठा, कायमचा, सगळीकडे पसरलेला हात आहे. पहिल्याला ढीगभर पुरावा आहे. माझं म्हणणं असं की तो ढीग दुसऱ्या विधानाच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. आणि तो ढीग नीट उपसून पाहिला तर तो बऱ्याचदा दुसऱ्या विधानाच्या विरुद्धच साक्ष देतो.

आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांना आठवत असेल, सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होतं. घर बांधायचं तर परमिट. दोन खोल्या वाढवायच्या, तरी अर्ज करून वाट बघा. आणि परमिट कुणाला किती द्यायचं हे मंत्रालयात ठरायचं. जून १९८० मध्ये अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारखे काही ट्रस्ट काढले आणि त्यांच्याकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये हे प्रकरण छापलं. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निकाल दिला की बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांत देवाणघेवाणीचा संबंध आहे. अंतुलेंना पद सोडावं लागलं. फौजदारी खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात वर-खाली होत राहिला, १९८४ आणि १९८८ चे ते निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. तो विषय वेगळा.

आता या प्रकरणाची चण बघा. हा कट होता का? निकालाच्या भाषेत नसेल, पण आपल्या रोजच्या भाषेत होता. वरच्या माणसाचा फायदा होता, खालच्यांची मूक संमती होती, सामान्य माणसाचं सिमेंट दुसरीकडे जात होतं. पण हे सगळं कागदावर होतं! देणग्यांच्या नोंदी होत्या, वाटपाच्या नोंदी होत्या. दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले की दिसत होतं. आणि उघड कुणी केलं? एका वर्तमानपत्रानं, याचिका करणाऱ्यांनी, आणि सरकारी तिजोरीतूनच पगार घेणाऱ्या एका न्यायाधीशानं. "सरकार" म्हणून जो एक राक्षस आपण डोळ्यांसमोर आणतो, त्याचाच एक हात दुसऱ्या हाताला धरत होता. देशातला सर्वांत श्रीमंत राज्याचा मुख्यमंत्री, पण कागद बाहेर आल्यावर त्याला ते पाच महिनेसुद्धा दाबता आले नाहीत.

याच न्यायमूर्ती लेंटिन यांच्याकडे काही वर्षांनी दुसरं प्रकरण आलं. ते मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६. मुंबईचं जे. जे. रुग्णालय. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल दिलं जायचं. नेहमीचं औषध, तोंडानं द्यायचं. त्या दिवसांत ते घेणाऱ्या रुग्णांची लघवी बंद व्हायला लागली, मूत्रपिंडं निकामी झाली. चौदा जण गेले. तपासणीत कळलं की बाटलीत औषधी ग्लिसरॉलच्या नावाखाली आलेल्या मालात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. हे औद्योगिक रसायन आहे. दिसायला ग्लिसरीनसारखंच, चवीला गोडसर, आणि स्वस्त.

आता विचार करा, ही बातमी आज आली असती तर? पहिल्या तासात काय फिरलं असतं? "गरिबांवर प्रयोग चाललेत." "परदेशी कंपनीचा डाव आहे." "अमुक समाजाच्या रुग्णांनाच का दिलं?" आणि गंमत अशी की लपवालपवी खरोखर झाली असती, कारण अशा वेळी प्रत्येक जण आपापली फाईल सावरायला धावतोच. ती लपवालपवी मग डावाचा पुरावा म्हणून दाखवली गेली असती.

लेंटिन आयोगानं काय काढलं? एक साखळी. माल बनवणारा आणि पुरवणारा, ज्यांना शुद्धतेची पर्वा नव्हती. खरेदी करणारे, ज्यांनी पुरवठादार नीट पारखला नाही. तपासणीची व्यवस्था, जी असूनही नसल्यासारखी होती. औषध प्रशासन, जिथे गुणवत्तेत नापास होणाऱ्या उत्पादकांनाही सांभाळून घेतलं जायचं. आणि त्याच्या वर मंत्र्यांचा हस्तक्षेप. अहवालानंतर आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. या साखळीत एकालाही ते चौदा जण मरायला नको होते. कुणी बैठक घेतली नव्हती, कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येकानं आपल्यापुरतं थोडं खाल्लं, थोडं दुर्लक्ष केलं, थोडी सही केली. झालं.

मला विचाराल तर हे कटापेक्षा भयंकर आहे. कट असेल तर कट करणारे पकडले की संपतो. ही साखळी माणसं बदलली तरी तशीच उभी राहते. पुरावा हवा? हेच रसायन १९३७ साली अमेरिकेत एका सल्फा औषधात विद्रावक म्हणून वापरलं गेलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. त्यातून तिथला १९३८ चा अन्न-औषध कायदा आला. २०२२ मध्ये गांबियात खोकल्याच्या औषधामुळे लहान मुलं गेली, औषध भारतातून गेलेलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे पुन्हा मुलं गेली, पुन्हा खोकल्याचं औषध, पुन्हा तेच रसायन. या सगळ्यांमागे एक सूत्रधार शोधायला गेलात तर आयुष्य जाईल. आणि तुम्ही सूत्रधार शोधत असताना, आलेला माल प्रत्येक वेळी तपासायचा की नाही हा कंटाळवाणा प्रश्न तसाच पडून राहील. लेंटिन अहवाल त्या कंटाळवाण्या प्रश्नाबद्दलच होता.

बरं, आता माझ्याच विरुद्ध जाणारं उदाहरण घेतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचं तेवढं सांगितलं.

अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. तिथे १९३२ पासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली. उपचार करायचे नाहीत, रोग कसा वाढतो ते बघायचं. तुलनेसाठी रोग नसलेले आणखी २०१ जण. त्यांना सांगितलं होतं की तुमच्या "बिघडलेल्या रक्ता"वर उपचार चाललेत. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय झाला, तरी दिला नाही. हे १९७२ पर्यंत चाललं. चाळीस वर्षं. पीटर बक्स्टन नावाच्या, त्याच सेवेतल्या एका कर्मचाऱ्यानं आधी आत तक्रारी केल्या, कुणी ऐकलं नाही, मग त्यानं पत्रकारांना सांगितलं.

तर मग? चाळीस वर्षं सरकारनं हे दडवलं, म्हणजे मोठा कट टिकू शकतो, असं नाही का सिद्ध होत? मीही बरीच वर्षं हे उदाहरण त्याच अर्थानं ऐकत आलोय. पण यातली अंगावर काटा आणणारी गोष्ट अशी की ते दडवलेलंच नव्हतं. त्या प्रयोगाचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. डॉक्टर वाचत होते. ज्यांच्यावर प्रयोग चालला होता त्यांना तेवढं माहीत नव्हतं. समाजाच्या ज्या थरातले ते होते, त्या थराबद्दल वाचणाऱ्यांना काही वाटत नव्हतं, म्हणून तो चालला. गुप्ततेची गरजच पडली नाही. आपल्याकडे मैला साफ करताना गटारात गुदमरून मरणाऱ्या माणसांच्या बातम्या आतल्या पानावर येतात आणि आपण पान उलटतो. तिथे कुठली फाईल दडवलीय सांगा मला?

आता गुप्ततेकडे वळू. कारण मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तोच आहे. "काही नसेल तर लपवतात कशाला?"

नेताजींचं प्रकरण यासाठी फार बोलकं आहे. १८ ऑगस्ट १९४५ ला तैहोकूला, म्हणजे आजच्या तैपेईला, विमान अपघात झाला. १९५६ मध्ये शाहनवाज समितीनं अपघातातच मृत्यू झाला म्हटलं, पण समितीतले नेताजींचे थोरले भाऊ सुरेशचंद्र बोस यांनी असहमती नोंदवली. सत्तरच्या दशकात खोसला आयोगानंही अपघातच म्हटलं. १९९९ मध्ये नेमलेल्या मुखर्जी आयोगानं मात्र अपघात नाकारला, आणि २००६ मध्ये सरकारनं तो अहवालच नाकारला. आणि हे चालू असताना फायली बंद. माहिती अधिकारात मागितल्या तर उत्तर, परराष्ट्र संबंध बिघडतील. झालं! साठ-सत्तर वर्षं कुणी साधूत नेताजी पाहिले, कुणी रशियाच्या तुरुंगात पाहिले. बंद फाईल म्हणजे कोरा पडदा असतो, त्यावर ज्याला जो सिनेमा दाखवायचा तो दाखवता येतो.

मग फायली उघडल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं ६४ फायली खुल्या केल्या, २३ जानेवारी २०१६ ला केंद्रानं शंभर. साधू किंवा सायबेरिया सिद्ध करणारा कागद काही हाती लागला नाही. पण २०१५ मध्येच गुप्तचर खात्याच्या कागदांतून एक गोष्ट बाहेर आली होती जी खरी होती आणि लाजिरवाणी होती. १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं स्वतंत्र भारताचं गुप्तचर खातं बोस कुटुंबीयांवर पाळत ठेवत होतं. शरद्चंद्र बोस यांच्या मुलांची, म्हणजे नेताजींच्या पुतण्यांची, पत्रं फोडून वाचली जात होती.

म्हणजे संशय घेणारे "काहीतरी लपवतायत" म्हणत होते ते बरोबर होतं. "हेच लपवतायत" म्हणत होते ते सिद्ध झालं नाही. माझ्या मते ही ओळ अशा प्रत्येक वादात हाताशी ठेवावी. काहीतरी लपवलंय यावरून काय लपवलंय ते कळत नाही.

तसंच १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल. १९६३ चा. २०१० मध्येसुद्धा संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की मजकूर अत्यंत संवेदनशील आहे. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला. वाचलात तर काय आहे? सैन्याकडे साधनं नसताना पुढे चौक्या टाकत जायचं धोरण, वरून आलेले अवास्तव आदेश, आणि ते अवास्तव आहेत हे ठामपणे न सांगणारे वरिष्ठ. म्हणजे पुन्हा जे. जे.ची साखळी, यावेळी हिमालयात. सरकार बहुतेक वेळा स्वतःचा नालायकपणा लपवत असतं. त्यावर "गोपनीय" शिक्का मारला की तो भारदस्त दिसतो. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा इंग्रजांनी केला आणि त्यांच्यानंतर आलेल्या कुणालाच तो नकोसा झाला नाही, यात नवल ते काय?

पण इथे मला सरकारला मोकळं सोडायचं नाही. गुप्तता निरुपद्रवी आहे असा अर्थ कुणी काढू नये. खरा कट खोट्या कटाला कसा खतपाणी घालतो याचं एक उदाहरण सांगतो. २०११ मध्ये ओसामा बिन लादेन अबोटाबादमध्ये राहतोय का हे शोधताना सीआयएनं एका पाकिस्तानी डॉक्टरकरवी त्या शहरात कावीळ-बीची लस टोचायची मोहीम काढली. हेतू असा की त्या घरातल्या मुलांचे डीएनए नमुने मिळावेत. हे बाहेर आलं. आता, लसीकरण हे पाश्चात्यांचं हेरगिरीचं कारस्थान आहे, असं तिथले कट्टरपंथी आधीपासून सांगत होते. त्यांच्या हातात हे आयतं कोलीत! २०१२ मध्ये वझिरिस्तानात पोलिओ लसीकरणावर बंदी घातली गेली, आणि त्या डिसेंबरात पोलिओचे थेंब पाजणाऱ्या कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यात बायका होत्या. २०१४ मध्ये अमेरिकन सरकारनं जाहीर केलं की सीआयए पुन्हा असं करणार नाही. तोवर व्हायचं ते झालं होतं.

उत्तर प्रदेशातही पोलिओच्या थेंबांनी मूल होत नाही अशी अफवा होती. तिथे आरोग्यसेविका, मौलवी, गावातली वजनदार माणसं घरोघरी फिरली, पुन्हा पुन्हा फिरली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात वन्य पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण सापडला नाही. फरक काय होता? इकडे त्या अविश्वासाला खरं ठरवणारं काही सरकारनं त्या वेळी केलं नाही.

आणि अविश्वासाची किंमत सरकार भरत नाही हो. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. गावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. "टोळी आहे, पोलीस सामील आहेत, वरून दाबतायत" या विचाराचा शेवट मंत्रालयात कधी होत नाही. तो असा, सर्वांत दुबळ्या माणसावर होतो.

आता तुम्ही विचाराल, मग ओळखायचं कसं? पक्कं सूत्र माझ्याकडे नाही. पण एखादा दावा आला की मी आधी बघतो, यात गप्प बसायला किती माणसं लागतील आणि त्यांना गप्प बसून काय मिळेल. सिमेंटला थोडी पुरतात. निवडणुकीतलं प्रत्येक मतदान यंत्र एकाच वेळी फिरवायला किती लागतील ते मोजून बघा. (एखाद्या केंद्रावर गडबड झाली का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे, कागद मागूनच विचारला पाहिजे.) मग मी विचारतो, काय दिसलं तर तुम्ही हे चूक मानाल? "पुरावा नाही, हाच त्यांनी पुरावा नष्ट केल्याचा पुरावा" असं उत्तर आलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. तिथे वाद संपलेला असतो. शौरी काय किंवा बक्स्टन काय, यांच्या आरोपांत नाव होतं, तारीख होती, कागद होता. ते खोटे ठरू शकले असते. म्हणून ते खरे ठरल्यावर त्यांना वजन आलं.

आणि कागद मिळवायचा तर त्याची वाट आपल्याकडे आहे. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा होता, केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून. दहा रुपये, तीस दिवस. त्यात कलम ८(३) फारसं कुणी वापरत नाही. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती असेल तर नकाराची बरीचशी कारणं गळून पडतात, सार्वभौमत्व, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं अशी मोजकीच उरतात. २००५ च्या आसपास तुमच्या गावात धरणाचं, रस्त्याचं, शाळेच्या इमारतीचं काही शिजलं असेल, तर ते आता मागता येतं.

पण याच कायद्यातलं कलम ८(१)(जे) मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागायचं, आणि व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागायची. आता त्या कलमात नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच उरलंय. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शाबूत आहे, पण ती लागू करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. परमिट कुणाला मिळालं आणि देणगी कुणी दिली, हे दोन रकाने शेजारी ठेवायचे म्हटले तर त्यातली नावं वैयक्तिक माहिती ठरतील का? हा आजचा, जिवंत प्रश्न आहे, आणि कुठल्याही गुप्त बैठकीत नाही, राजपत्रात छापून झालेला बदल आहे.

पुढचा भाग त्याच्यावरच करतोय. या दुरुस्तीनंतर तुमचा एखादा अर्ज नाकारला गेला असेल तर नकाराच्या पत्राची प्रत पाठवा. त्यावरचं तुमचं नाव-पत्ता आधी खोडा, आणि अधिकाऱ्यानं कुठलं कलम लिहिलंय ते ठळक दिसेल असं बघा.